कीटकभक्षी झाडांची माती: खान्देशच्या पाण्यात आणि उन्हात चालेल असे मिश्रण कसे करावे

व्हीनस फ्लायट्रॅप किंवा घटपर्णी घरी आली की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. रोप नाजूक दिसते म्हणून ते मोठ्या कुंडीत, चांगल्या काळ्या मातीत लावले जाते. वर मूठभर गांडूळखत आणि बोअरचे पाणी. शेजारचे आबा येता-जाता बघतात आणि सांगतात, "थोडं शेणखत टाकी दे भो." गुलाबाला हे सगळे लागू पडते. या झाडांना मात्र महिन्या-दीड महिन्यात पाने काळी पडून निरोप द्यावा लागतो, आणि दोष जातो जळगावच्या उन्हाला.

ऊन त्रास देते, पण बहुतेक वेळा मारतात ते क्षार. ही झाडे मूळची अशा जमिनीतली की जिथे नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतात. ते अन्न ती किड्यांतून काढतात, त्यामुळे त्यांच्या मुळांना खताची आणि क्षारांची सवयच नाही. फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारी भागातल्या ओलसर, आम्लधर्मी, वाळूसर जमिनीत वाढते. आपल्या महाराष्ट्रात कासच्या पठारावर सीतेची आसवे आणि दवबिंदू ही कीटकभक्षी झाडे उगवतात तीही जांभ्यावरच्या पातळ थरात, वरून पावसाचे पाणी झिरपत असताना. खान्देशातली काळी माती याच्या बरोबर उलट आहे: चुना भरपूर, पीएच (आम्लतेचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या पुढे, ओली झाली की चिकट आणि वाळली की भेगाळलेली.

म्हणून या झाडांना 'माती' लागतच नाही, मिश्रण लागते. ते उपाशी असावे, म्हणजे त्यात खत-अन्नद्रव्ये नसावीत, आम्लधर्मी असावे (पीएच साधारण ४ ते ५.५) आणि सतत ओले राहूनही त्यात हवा खेळावी. पुढचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम चुकला की चांगले सामान आणूनही फुकट जाते, कारण बहुतेक लोक मिश्रणापासून सुरुवात करतात आणि पाण्याचा विचार शेवटी करतात.

१. सर्वात आधी पाणी मोजा

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारे मीटर घ्या. पेनासारखे छोटे यंत्र असते, काहीशे रुपयांत मिळते. ते घेतल्याशिवाय पुढचे काहीही विकत आणू नका. पिण्याच्या पाण्याला टीडीएस ५०० पर्यंत असावा असे मानक आहे. या झाडांसाठी तो ५० च्या आत हवा, फार तर १०० पर्यंत चालवून घेता येतो. आपल्याकडच्या बोअरचे पाणी ५०० च्या पुढे सहज जाते. ज्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर पांढरे कवच बसते, ते या झाडांसाठी बाद. मीटरही लावायची गरज नाही.

एक साधा हिशेब करून बघा. ६०० टीडीएस म्हणजे लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार. या कुंड्या पाणी भरलेल्या पसरट ट्रेमध्ये ठेवतात. मे महिन्यात अशा एका ट्रेमधून दिवसाला अर्धा लिटर पाणी उडून जाते असे धरा. पाणी उडते, क्षार मागे राहतात. दिवसाला ३०० मिलिग्रॅम म्हणजे महिन्याला ९ ग्रॅम. चहाच्या चमच्याने साधारण दीड चमचा मीठ तुम्ही त्या कुंड्यांत ओतले. कूलरच्या जाळीवर उन्हाळाअखेर जो पांढरा थर बसतो, तोच प्रकार इथे मुळांभोवती होतो.

कोणते पाणी चालेल?

पावसाचे सर्वात उत्तम. जळगाव भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. गच्चीवरचे पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धुळीचे असते, ते सोडून द्या आणि नंतरचे झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवा. चार-सहा कुंड्या असतील तर दोन ड्रम हिवाळाभर पुरतात. सिमेंटच्या टाकीत साठवू नका, सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो.

घरचा आरओ चालतो, पण आधी मोजून. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो किंवा खनिजे घालणारी नळी असते. त्यामुळे आरओचे पाणीही १५० दाखवते. सर्व्हिसवाला आला की त्याला मिसळणारा स्क्रू बंद करायला सांगा किंवा खनिजाच्या नळीआधीचे पाणी काढून घ्या. वीस लिटरच्या जारचे पाणी दरवेळी वेगळे निघते, त्यामुळे प्रत्येक जार मोजा. एसीच्या नळीतून टपकणारे पाणी क्षारांच्या दृष्टीने स्वच्छ असते, फक्त धूळ गाळून घ्या.

कूलरच्या टाकीतले पाणी कधीच नको. ते आटून आटून दाट झालेले असते.

सावध: शेतकरी घरांत एक शक्कल हमखास निघते. ठिबकच्या नळ्या साफ करायला आपण ॲसिड सोडतो, तसे बोअरच्या पाण्यात थोडे टाकले की पीएच उतरेल आणि काम होईल. पीएच उतरतो हे खरे. पण कॅल्शियम, सोडियम जिथल्या तिथे राहतात, टीडीएस कमी होत नाही, आणि फॉस्फोरिक ॲसिड वापरले तर स्फुरदाची वेगळी भर पडते.

धरणाचे नळाचे पाणी (जळगावला वाघूरचे, धुळ्याला तापी आणि नकाणे तलावाचे) बोअरपेक्षा बरे असते, पण १०० च्या आत क्वचितच येते. ते झाडाला देऊ नका. मिश्रण धुण्याच्या पहिल्या पाण्याला मात्र चालून जाते, ते पुढे येईलच.

२. झाड कोणते ते नक्की करा

सगळ्यांना एकच मिश्रण चालत नाही. नर्सरीत 'किडे खाणारं झाड' म्हणून जे विकतात, ते बहुधा या चारांपैकी एक असते:

दातेरी, मिटणाऱ्या पानांचे ते व्हीनस फ्लायट्रॅप. उंच, नळीसारखे जमिनीतून उभे राहणारे ते सॅरासेनिया. पानावर चिकट थेंब असलेले दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा. पानाच्या टोकाला सुरई लटकणारी घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस. पहिल्या तिघांना पाय ओले लागतात. घटपर्णीला ओल लागते पण पाण्यात उभे राहणे सोसत नाही. हा एक फरक लक्षात ठेवला तर पुढचे निम्मे गोंधळ टळतात. मेक्सिकन पिंग्विक्युला (चिकट पानांचे छोटे झाड) कोणाकडे असेल तर ते या सगळ्यांत सोशीक, त्याला थोडा कोरडेपणा आवडतो.

३. सामान: काय घ्यावे, काय दुकानातच ठेवावे

पीट मॉस. दलदलीत वर्षानुवर्षे साठून अर्धवट कुजलेले शेवाळ. हे आम्लधर्मी असते, उपाशी असते आणि पाणी धरते. कॅनडा किंवा बाल्टिक देशांतून आलेल्या मोठ्या गाठोड्यांतून दुकानदार सुटे करून विकतात. चूक इथेच होते. भाजीपाल्याची रोपे ट्रेमध्ये वाढवायला जे पीट येते, त्यात चुना आणि सुरुवातीचे खत आधीच घातलेले असते. पिशवीवर पीएच वाचा. ३.५ ते ४.५ लिहिले असेल तर कच्चे पीट आहे, घ्या. ५.५ ते ६.५ लिहिले असेल तर चुना घातलेला आहे, ठेवून द्या. 'एनपीके' किंवा 'स्टार्टर' असे काही दिसले तरी तेच. सुट्या पिशवीवर काहीच लिहिलेले नसेल तर दुकानदाराकडून मूळ गोणीचा फोटो मागवा. फोटो देत नसेल तर दुसरे दुकान.

स्फॅग्नम मॉस. लांब धाग्यांचे, वाळलेले, फिकट पिवळट-तपकिरी. डाळिंबाची गुटी बांधणारे कारागीर हेच मॉस वापरतात. त्यामुळे साक्री-मालेगावकडे ओळख असेल तर तिथूनही मिळते. मात्र कोरडेच मागा, कारण गुटीसाठी भिजवलेल्या मॉसमध्ये मुळे फुटायचे संजीवक किंवा बुरशीनाशक घातलेले असू शकते. सजावटीच्या टोपल्यांत घालतात ते हिरवे रंगवलेले मॉस आणि भिंतीवरचे खरवडलेले शेवाळ, दोन्ही नकोत.

पर्लाइट. पांढरे, हलके, फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे दाणे. यात फक्त एक बघायचे: दाणा ३ ते ५ मिलिमीटरचा असावा, पिठूळ नसावा. उघडताना नाका-तोंडाला रुमाल बांधा आणि आधी पाणी शिंपडून धूळ बसवा.

सिलिका वाळू. पाण्याच्या फिल्टरमध्ये भरायला विकतात ती गारगोटीची वाळू. नदीच्या वाळूचे काय करायचे ते पुढे पाचव्या टप्प्यात.

कोकोपीट. नारळाच्या काथ्याचा चुरा. सर्वात स्वस्त, सगळीकडे मिळणारे आणि सर्वात जास्त झाडे मारणारे. चालते, पण धुऊन. याचा वेगळा टप्पा आहे.

आता घरात, शेतात सहज सापडणाऱ्या वस्तूंबद्दल, कारण हात आधी तिकडेच जातो. टिश्यू कल्चर केळीच्या रोपांबरोबर आलेले कोकोपीट उरते, ते फुकटचे म्हणून कोणीतरी देतेच. त्यात विद्राव्य खते मुरलेली असतात, घेऊ नका. नवापूर, अक्कलकुव्याकडे भाताचे जळके तूस मिळते. पर्लाइटला पर्याय म्हणून ते सुचवले जाते, पण त्यात राख असते, राख अल्कधर्मी आणि पालाशयुक्त. चुलीतला कोळसा त्याच कारणाने बाद. व्हर्मिक्युलाइट खनिजे सोडते, टाळलेले बरे. विटांचा चुरा, खापऱ्या, काळ्या खडीची कच, शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, बोनमील: एकही नको, चिमूटभरही नको.

नुसते पहिलेच झाड असेल आणि दोन-चार कुंड्यांपुढे जायचे नसेल, तर माझे मत असे: कोकोपीटच्या भानगडीत पडू नका. लांब धाग्याचे स्फॅग्नम मॉस आणि पर्लाइट घ्या. महाग पडते, पण धुण्याचे कष्ट फारसे नाहीत, आम्लता आपोआप बरोबर राहते, आणि वाळले की मॉसचा रंग फिकट पडतो, त्यामुळे पाणी कधी द्यायचे ते डोळ्यांना दिसते. आपल्या कोरड्या हवेत ही सोय मोठी आहे.

४. कोकोपीट वापरायचेच असेल तर: धुणे

नारळाचा काथ्या समुद्रकाठच्या भागातून येतो. सोडे बऱ्याच ठिकाणी मचूळ पाण्यात कुजवतात, त्यामुळे चुऱ्यात सोडियम भरपूर राहतो, आणि पालाश तर काथ्यात मुळातच असतो. विटेवर 'धुतलेले' किंवा 'लो ईसी' (म्हणजे कमी क्षार) लिहिलेले असले तरी मीटर लावल्याशिवाय विश्वास ठेवू नका. ६५० ग्रॅमची वीट फुगून साधारण ८ ते ९ लिटर होते, म्हणजे एका विटेत कितीतरी कुंड्या भरतात. धुवायचे तर एकदाच सगळे धुऊन ठेवा.

साहित्य: मोठी बादली, जुनी सुती ओढणी किंवा पातळ लुगड्याचा तुकडा, मीटर.

अ) वीट बादलीत ठेवून ६ लिटर पाणी ओता. या पहिल्या पाण्यासाठी नळाचे धरणाचे पाणी चालेल. बोअरचे नको, कारण काथ्या पाण्यातला कॅल्शियम स्वतःला धरून ठेवतो आणि पुढे झाडाच्या मुळाशी सोडत राहतो. वीट पूर्ण सुटी होईपर्यंत दोन-तीन तास थांबा. मधे गाठ राहिली तर हाताने फोडा.

आ) ओढणीत घेऊन घट्ट पिळा. निघालेले पाणी चहासारखे गडद असेल. एका भांड्यात थोडे घेऊन मीटर बुडवा. आकडा हजाराच्या पुढे गेला तर दचकू नका, पहिल्या पिळाला असे होतेच.

इ) चुरा परत बादलीत, वर ताजे पाणी, अर्धा तास हलवत राहा, पिळा. आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या पाण्यापासून पुढे पावसाचे किंवा आरओचे पाणी घ्या.

ई) हे चार ते सहा वेळा करावे लागते. मोजणी अशी वाचा: तुम्ही ओतलेल्या पाण्याचा टीडीएस २० असेल आणि पिळातून ६० च्या आत येत असेल तर जमले. पाणी फिकट दिसू लागले म्हणून थांबू नका. रंग आणि क्षार यांचा संबंध नाही, स्वच्छ दिसणारा पीळही ३०० दाखवू शकतो.

उ) आता चुरा ताज्या पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा पिळून मोजा. काथ्याच्या आतले क्षार हळूहळू बाहेर येतात. संध्याकाळी ५० दाखवणारे सकाळी १५० दाखवते, ते इथे. आकडा वाढला असेल तर आणखी दोन पाणी.

तपासा: शेवटच्या पिळाचे मोजमाप रात्रभराच्या भिजवणीनंतरचेच धरा. आधीचे आकडे धरू नका.

धुण्याचे पाणी केळीच्या किंवा नारळाच्या आळ्यात ओतून टाका, वाया जात नाही. कढीपत्त्याच्या छोट्या कुंडीत मात्र नको.

धुतलेल्या कोकोपीटचा पीएच ६ च्या आसपास राहतो, पीटइतका उतरत नाही. म्हणून एकटे कोकोपीट मी फ्लायट्रॅपला देत नाही. निम्मे पीट किंवा बारीक कातरलेले मॉस मिसळतो. दवबिंदू त्यात बरे वाढतात.

५. नदीच्या वाळूची परीक्षा

तापी, गिरणा, पांझरा, सगळ्या नद्या काळ्या दगडाच्या मुलखातून येतात. या दगडाच्या पोकळ्यांत कॅल्साइट आणि झिओलाइट भरलेले असतात आणि वाळूत पांढरे चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. दिसायला वाळू स्वच्छ असते.

काचेच्या वाटीत चमचाभर कोरडी वाळू घ्या. वर व्हिनेगर ओता आणि कान जवळ नेऊन ऐका. चुर्र आवाज आला किंवा बारीक बुडबुडे उठले तर चुना आहे, वाळू बाद. व्हिनेगर सौम्य असते, म्हणून काहीच झाले नाही तरी खात्री धरू नका. ती वाळू पावसाच्या पाण्यात दोन दिवस भिजवा आणि पाण्याचा टीडीएस मोजा. १०-१५ पेक्षा जास्त वाढला तर बांधकामाला वापरा. मला तरी ही यातायात परवडत नाही. सिलिका वाळूची एक पिशवी वर्षानुवर्षे पुरते.

सिलिका वाळूही तीन-चार पाण्याने धुवा, तिच्यात बारीक धूळ असते.

६. मिश्रण करणे

प्रमाण मापाने घ्या, वजनाने नको. एकच वाटी किंवा पेला सगळ्याला वापरा.

फ्लायट्रॅप आणि सॅरासेनिया: पीट २, पर्लाइट १. निम्मे-निम्मे हे प्रमाण जास्त प्रचलित आहे आणि कोकणासारख्या दमट हवेत तेच चांगले. आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात ते वरून लवकर सुकते, म्हणून पीट थोडे जास्त.

दवबिंदू: पीट १, सिलिका वाळू १. किंवा वरचेच मिश्रण.

घटपर्णी: लांब मॉस २, पर्लाइट १, नारळाच्या सोड्याचे धुतलेले तुकडे किंवा ऑर्किड लावायला वापरतात ती झाडाची साल १. हे मिश्रण हातात घेतले तर भरड आणि हलके लागले पाहिजे. घटपर्णीला पीटच्या गाळात लावणे ही खान्देशातच नव्हे, सगळीकडची चूक.

पिंग्विक्युला: पीट, वाळू, पर्लाइट सारखे.

पीट कोरडे असेल तर ते पाणी घेत नाही, पाणी वरून घरंगळून जाते. कोमट पाणी थोडे थोडे शिंपडत हाताने मळा, कणीक भिजवताना करतो तसे, आणि झाकून रात्रभर ठेवा. कोरडे पीट कुंडीत भरून वरून पाणी घातले तर आतला गोळा आठवडाभर कोरडाच राहतो आणि झाड 'पाणी देऊनही' वाळते.

मॉस वेगळे भिजवा. अर्धा तास पुरतो. पिळून पाणी मोजा, फार वाढ दिसली तर एक-दोन वेळा पाणी बदला. पर्लाइट धुऊन घ्या. मग सगळे एकत्र.

तपासा: मूठभर मिश्रण घट्ट आवळा. चार-सहा थेंब पडावेत, मूठ उघडल्यावर गोळा जरा धरून राहावा आणि बोटाने टोचताच फुटावा. धार लागली तर पाणी जास्त. लाडवासारखा कडक गोळा राहिला तर पर्लाइट कमी.

तपासा: वाटीभर मिश्रणावर दोन वाट्या पावसाचे पाणी ओतून खालून गाळलेले पाणी मोजा. १०० च्या आत असेल तर कुंडी भरा. जास्त असेल तर घटकांपैकी एक खोटा आहे. प्रत्येक घटक वेगळा भिजवून मोजा, लगेच सापडतो.

७. कुंडी

प्लास्टिकची, पांढरी किंवा फिकट रंगाची, तळाला भोके असलेली. मातीची कुंडी दिसायला छान, पण ती बाजूंनी पाणी उडवते आणि क्षार भिंतीत साठवते. सिमेंटची तर नकोच. फ्लायट्रॅपची मुळे खोल जातात, ५ ते ६ इंच खोली द्या. दवबिंदूला ४ इंच पुरतात. तळाला खापरीचा तुकडा किंवा खडी टाकायची आपली जुनी सवय इथे सोडा. भोकावर मॉसचा बोळा बसवा, तेवढाच पुरे.

८. रोप लावणे

संध्याकाळी लावा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत कुंडी बदलूच नका, फक्त एक अपवाद: रोप खताच्या किंवा काळ्या मातीत असेल तर महिना न बघता बाहेर काढा.

नर्सरीतून आलेल्या कुंडीत पिवळट-तपकिरी, ज्वारीच्या दाण्याएवढे गोल मणी दिसले तर ते हळूहळू विरघळणारे खत आहे. एकही मणी शिल्लक ठेवू नका. फ्लायट्रॅप, दवबिंदू आणि सॅरासेनियाची मुळे पावसाच्या पाण्याच्या वाटीत हळूच हलवून जुने मिश्रण सोडवा. घटपर्णीची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात, ती धुऊ नका. हाताने सुटेल तेवढेच सोडवा, बाकीचा गोळा तसाच बसवा.

सावध: फ्लायट्रॅपची मुळे काळीच असतात. सडली समजून अनेक जण ती कात्रीने छाटतात. बोटांत धरून बघा. टणक असेल तर मूळ जिवंत आहे. लिबलिबीत होऊन साल सुटत असेल तेवढेच काढा.

मिश्रणात बोटाने खड्डा करा, मुळे सरळ खाली सोडा, बाजूने मिश्रण सरकवा. पानांचा पांढरा बुडखा पृष्ठभागाच्या बरोबरीने हवा. खोल गेला तर कुजतो, उघडा राहिला तर वाळतो. दाबू नका. वरून सावकाश पाणी ओता, मिश्रण आपोआप बसते. आणि सापळ्यांना बोट लावून मिटवण्याचा मोह मुलांना आणि मोठ्यांनाही आवरायला सांगा, निदान पहिला महिना.

९. पहिले पंधरा दिवस

उजेड भरपूर, थेट दुपारचे ऊन नाही. पूर्वेची खिडकी सर्वात चांगली. फ्लायट्रॅप, सॅरासेनिया, दवबिंदू ट्रेमध्ये एक-दोन सेंटिमीटर पाण्यात ठेवा. ट्रे आटला की अर्धा-एक दिवस थांबून परत भरा, त्या वेळात मुळांना हवा मिळते. घटपर्णीला वरून पाणी, खाली थांबू द्यायचे नाही. ट्रेमध्ये डासांच्या अळ्या दिसल्या तर पाणी ओतून ट्रे घासून वाळवा. पावसाळ्यात हे आठवड्याला ठरवूनच करा.

जुनी दोन-चार पाने काळी पडली तर घाबरू नका, जागा बदलली की पडतात. मधून येणारे नवे पान बघा. ते हिरवे, सरळ येत असेल तर मिश्रण जमले. नवे पानच टोकाकडून काळे पडत असेल, कुंडीच्या काठावर किंवा मॉसच्या शेंड्यांवर पांढरी पूड दिसत असेल, तर क्षार. पृष्ठभागावर हिरवा बुळबुळीत थर आला तर बहुधा कुठूनतरी खत पोचते आहे. सडका वास आला तर हवा नाही, पर्लाइट कमी पडले आहे.

घटपर्णीला नवे पान येते पण सुरई धरत नाही, तर मातीला दोष देण्याआधी हवेतला कोरडेपणा आणि उजेड तपासा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ती सुरया धरणे थांबवतेच. कूलरच्या हवेत ठेवली तर ओलावा मिळतो, पण तुषार पानावर पडणार नाहीत एवढे अंतर ठेवा.

खत द्यायचे नाही. मटणाचा तुकडा, पनीर, भात काहीही सापळ्यात टाकायचे नाही. बाल्कनीतल्या माश्या-मुंग्या पुरतात.

१०. महिन्याची मोजणी आणि मे महिना

महिन्यातून एकदा कुंडी ट्रेमधून उचला, वरून अर्धा ग्लास पावसाचे पाणी ओता आणि खालून पडणारे पहिले पाणी वाटीत धरून मोजा. १०० च्या आत असेल तर काही करू नका. १०० ते २०० असेल तर धुवायची वेळ झाली: कुंडी मोरीत ठेवून कुंडीच्या दुप्पट-तिप्पट मापाचे पाणी वरून सावकाश सोडा. २०० च्या पुढे असेल आणि दोनदा धुऊनही उतरत नसेल तर मिश्रण बदला.

एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ ला टेकतो तेव्हा ही मोजणी आठवड्याला करा. त्या दिवसांत ट्रेमध्ये नुसती भर घालत राहणे हीच सर्वात मोठी चूक, कारण पहिल्या हिशेबात बघितले तसे क्षार साठतच जातात. दर आठवड्याला ट्रे पूर्ण ओतून द्या, कुंडी वरून धुवा, मग नवे पाणी भरा. कुंडी थेट फरशीवर किंवा स्लॅबवर ठेवू नका, खाली लाकडी फळी किंवा थर्माकोल घाला. पांढरी कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओले मॉस भरले तर मुळांशी बराच गारवा राहतो. मिश्रणावर वरून मॉसचा बोटभर थर द्या, बुडखा मोकळा ठेवून. पश्चिमेच्या भिंतीला लागून तर कुंडी नकोच, ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते.

पीट कालांतराने कुजून गाळासारखे होते. इतरत्र ते दोन वर्षे चालवतात, आपल्या उन्हात आणि पाण्यात दरवर्षी बदला. फ्लायट्रॅप आणि सॅरासेनियासाठी योग्य वेळ डिसेंबर-जानेवारी: रात्री गार असतात, झाड झोपेत असते, मुळांना धक्का कमी बसतो. पाने कमी झाली, वाढ थांबली म्हणून झाड मेले समजून फेकू नका. त्या दिवसांत ट्रेमधले पाणी कमी करा, ओल तेवढी ठेवा. घटपर्णीची कुंडी मात्र जुलैमध्ये बदला, हवा दमट असताना. काढलेले जुने पीट आणि मॉस दुसऱ्या कीटकभक्षी झाडाला परत वापरू नका, परसातल्या कुठल्याही आळ्यात टाका. पर्लाइट पाण्यात तरंगते, ते वरून गोळा करून धुऊन पुन्हा वापरता येते.